आडात आहे, पण पोहऱ्यात येईल का? ‘अँटीस्मॅश’ या मोफत सेवेचे परीक्षण

आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार, असे आपण म्हणतो. मातीतल्या जिवाणूंकडून औषधी संयुगे मिळवू पाहणाऱ्यांची अडचण मात्र नेमकी उलटी असते. आडात पाणी भरपूर आहे हे जीनोम, म्हणजे जिवाणूचा संपूर्ण डीएनए, वाचून कळते आणि तरीही पोहरा रिकामाच वर येतो. जीनोममध्ये अशी संयुगे बनवणारे जनुकसमूह शोधून देणारी ‘अँटीस्मॅश’ ही इंटरनेटवरील मोफत सेवा आडात किती पाणी आहे ते फार चांगल्या रीतीने सांगते. पोहरा रिकामा का येतो याबद्दल ती अलीकडे थोडेफार बोलू लागली आहे. पदव्युत्तर सूक्ष्मजीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांबरोबर गेली काही वर्षे मी ही सेवा नियमितपणे वापरत आलो आहे. तिच्या या दोन बाजूंमधील तफावत जो समजून घेईल त्याला ती अतिशय उपयोगी पडेल आणि जो समजून घेणार नाही त्याची ती मोठी दिशाभूल करील, असे माझे मत झाले आहे.

सेवेचे नाव ‘अँटिबायोटिक्स अँड सेकंडरी मेटाबोलाइट अ‍ॅनालिसिस शेल’ या लांबलचक नावाचे संक्षिप्त रूप आहे. नेदरलँड्स आणि जर्मनीतील संशोधकांनी २०११ मध्ये ती प्रथम उपलब्ध करून दिली. मार्निक्स मेडेमा, काय ब्लिन आणि टिल्मन वेबर ही तिच्याशी सुरुवातीपासून जोडली गेलेली नावे आहेत. आज तिचे काम प्रामुख्याने डेन्मार्कचे तांत्रिक विद्यापीठ आणि नेदरलँड्समधील वाखेनिंगेन विद्यापीठ येथून चालते. साधारण दर दोन वर्षांनी नवी आवृत्ती येते. सहावी २०२१ मध्ये, सातवी २०२३ मध्ये आणि आठवी २०२५ मध्ये आली. सहावी आवृत्ती ७१ प्रकारचे जनुकसमूह ओळखत असे, सातवी ८१ आणि आठवी १०१ ओळखते. फुकट मिळणारी शैक्षणिक साधने दोन-तीन वर्षांत बेवारस होतात, हा आपला नेहमीचा अनुभव. त्या पार्श्वभूमीवर दीड दशकाची ही सलग मशागत मला सर्वांत मोलाची वाटते.

ही सेवा ज्या गोष्टीवर उभी आहे ती अशी की, जिवाणूंमध्ये एखादे संयुग बनवणारी जनुके बहुतेक वेळा गुणसूत्रावर शेजारीशेजारी राहतात. साखळी जोडणारे विकर (एन्झाइम), तिच्यावर नक्षीकाम करणारे विकर, तयार माल पेशीबाहेर टाकणारा पंप, स्वतःच्याच विषापासून जिवाणूला वाचवणारे प्रतिकार-जनुक आणि हे सगळे केव्हा सुरू करायचे ते ठरवणारे नियामक जनुक, असे सारे कुटुंब एकाच वाड्यात नांदते. अँटीस्मॅश त्या वाड्याचे मुख्य खांब शोधते. म्हणजे, अमुक प्रकारची विकरे परस्परांपासून अमुक अंतराच्या आत सापडली तर तेथे अमुक प्रकारचा समूह आहे, असे हाताने लिहिलेले नियम तिच्याजवळ आहेत. त्यामुळे तिचा निर्णय कसा झाला हे वापरणाऱ्याला तपासता येते, आणि हल्लीच्या अनेक बंद पेटीसारख्या साधनांच्या तुलनेत हा मोठा गुण आहे. मात्र ज्या प्रकारच्या संयुगाचा नियमच अजून कोणी लिहिलेला नाही, ते संयुग तिच्या समोरून गेले तरी तिला दिसत नाही.

वापरण्याची पद्धत सोपी आहे. नोंदणी नाही, शुल्क नाही, ईमेल दिला तर काम झाल्याचा निरोप येतो आणि न दिला तरी अडत नाही. आपल्याजवळची जेनबँक (जनुकांच्या नोंदींसह) किंवा फास्टा (नुसता अक्षरक्रम) स्वरूपाची फाइल चढवायची, किंवा सार्वजनिक संग्रहातील जीनोमचा क्रमांक द्यायचा, शोध किती काटेकोर हवा ते तीन पायऱ्यांमधून निवडायचे आणि थांबायचे. रांग लहान असेल तर निकाल लवकर मिळतो, मोठी असेल तर काही तासही लागतात. निकालाचे पान देखणे आहे. गुणसूत्रावरील प्रत्येक ‘रीजन’ म्हणजे प्रदेश वेगळा दाखवलेला असतो. त्यातील मुख्य विकरांची जनुके गडद तांबडी, साहाय्यक विकरांची फिकट तांबडी, वाहतुकीची निळी, नियमनाची हिरवी आणि बाकीची करडी असतात. विद्यार्थ्यांना पहिल्या दहा मिनिटांत हे रंग पाठ होतात, आणि माझ्या अनुभवानुसार बहुतेक गैरसमजही त्याच दहा मिनिटांत पक्के होतात.

नव्या वापरकर्त्याने प्रथम स्वतःचा जिवाणू चढवू नये, असा माझा आग्रह असतो. ज्याच्याबद्दल सर्व काही आधीच माहीत आहे असा जिवाणू द्यावा आणि सेवा काय सांगते, काय सांगत नाही ते पाहावे. यासाठी स्ट्रेप्टोमायसिस सीलिकलर याच्याइतका चांगला परीक्षार्थी दुसरा नाही. डेव्हिड हॉपवुड यांनी इंग्लंडमध्ये अनेक दशके ज्याच्या आनुवंशिकीचा अभ्यास केला, त्या या मृदा-जिवाणूचा जीनोम २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याचे गुणसूत्र ८६,६७,५०७ बेस जोड्यांचे (डीएनएच्या अक्षरजोड्यांचे) असून त्यावर ७,८२५ जनुके असल्याचा अंदाज तेव्हा बांधला गेला. त्यांपैकी ९६५, म्हणजे जवळजवळ दर आठांतील एक, नियमनाचे काम करणारी असावीत असे दिसले. मातीत आज ओल, उद्या कोरड, आज कुजलेले पान, उद्या नुसती वाळू, अशा परिस्थितीत जगणाऱ्या जीवाकडे एवढा मोठा कारभारी वर्ग असावा, यात नवल नाही. जीनोम हाती येण्यापूर्वी या जिवाणूची मोजकीच प्रतिजैविके ठाऊक होती. जीनोममध्ये वीसहून अधिक समूह सापडले.

अँटीस्मॅश हे सर्व व्यवस्थित मांडते. निळ्या अ‍ॅक्टिनोऱ्होडिनचा समूह, लाल प्रोडिजिओसिनांचा समूह, कॅल्शियमवर अवलंबून असणारे प्रतिजैविक, लोह गोळा करणारे डेस्फेरिऑक्झामिन ही सगळी मंडळी ओळखीच्या नावांसह हजर होतात. पहिल्या पावसानंतरचा मृद्गंध ज्या जिओस्मिनमुळे येतो, त्याचे जनुकही टर्पीन या संयुगगटाच्या रांगेत निमूटपणे बसलेले असते. एक मात्र दिसत नाही. मेथिलिनोमायसिन हे या जिवाणूचे जुने, नावाजलेले प्रतिजैविक यादीत नाही, आणि दर वर्षी कोणीतरी विद्यार्थी ते शोधत बसतो. कारण साधे आहे: त्याची जनुके गुणसूत्रावर नसून एससीपी-१ नावाच्या वेगळ्या, लांबोडक्या प्लाझ्मिडवर (गुणसूत्राबाहेरच्या डीएनएवर) असतात आणि ज्या स्ट्रेनचा, म्हणजे उपप्रकाराचा, जीनोम वाचला गेला तिच्यात हे प्लाझ्मिड नव्हतेच. सेवेचा यात काहीही दोष नाही. आपण जे चढवतो तेवढेच ती वाचते, ही गोष्ट मात्र या उदाहरणाने कायमची लक्षात राहते.

आता नियमनाकडे वळतो, कारण या सेवेची खरी कसोटी तेथेच लागते. अ‍ॅक्टिनोऱ्होडिनच्या समूहात अ‍ॅक्ट-टू-ओआरएफ-फोर नावाचे एक हिरवे जनुक दिसते. या जनुकापासून बनणारे प्रथिन पुरेसे साठले की बाकीची जनुके चालू होतात आणि पेट्री डिश निळी होऊ लागते. त्या जनुकाखाली अँटीस्मॅश एक बारीकशी खूण दाखवते. ती टीटीए या कोडॉनची, म्हणजे एक अमिनो आम्ल ठरवणाऱ्या तीन अक्षरांच्या शब्दाची, असते. वरवर पाहता क्षुल्लक वाटणारी ही खूण मला या सेवेतील सर्वांत हुशार गोष्टींपैकी एक वाटते. ल्युसिन या अमिनो आम्लासाठी सहा कोडॉन आहेत. स्ट्रेप्टोमायसिसच्या डीएनएत जी आणि सी या अक्षरांचे प्रमाण सत्तर टक्क्यांहून अधिक असल्याने टीटीए हा कोडॉन त्यांच्यात अत्यंत विरळ असतो, आणि तो वाचू शकणारा एकच टीआरएनए (कोडॉनप्रमाणे अमिनो आम्ल आणून देणारा रेणू) आहे, जो बीएलडीए या जनुकापासून बनतो. हे जनुक निकामी केले तर वसाहत मरत नाही; पण तिच्यावर हवेत वाढणारे पांढरे तंतू येत नाहीत, ती टक्कल पडल्यासारखी गुळगुळीत दिसते, आणि निळा वा लाल रंगही येत नाही. अ‍ॅक्ट-टू-ओआरएफ-फोर या निळ्याच्या नियामकात आणि रेड-झेड या लालच्या नियामकात हा कोडॉन आहे, त्यामुळे तो टीआरएनए येईपर्यंत दोघांचेही भाषांतर, म्हणजे त्यांपासून प्रथिन बनणे, पूर्ण होत नाही. म्हणजे बीजाणू तयार करण्याची वेळ आणि प्रतिजैविक बनवण्याची वेळ यांची सांगड जिवाणूने एका कोडॉनच्या दुर्मीळपणावर घातलेली आहे. आपल्या नव्या जिवाणूच्या नियामक जनुकाखाली ही खूण दिसली, तर कोवळ्या द्रव संवर्धनात संयुग शोधण्यात अर्थ थोडा आहे हे कळते, आणि एवढ्या माहितीने आठवड्याचे श्रम वाचू शकतात. डीएनएत जी आणि सी यांचे प्रमाण कमी असेल तर ही तपासणी सेवा आपोआप वगळते, आणि ते योग्यच आहे, कारण तेथे टीटीए विरळ नसतो.

हिरव्या रंगाबाबत मात्र माझी तक्रार आहे. हिरवा म्हणजे ‘नियमनाशी संबंधित’, एवढेच. ते प्रथिन समूह चालू करते की बंद ठेवते, हे रंगावरून कळत नाही, आणि प्रयोग करणाऱ्याला तर तेच कळायला हवे असते. दोन खरी उदाहरणे देतो. स्ट्रेप्टोमायसिस अ‍ॅम्बोफेसियन्स या जिवाणूत पॉलिकेटाइड या प्रकारचे संयुग बनवणाऱ्या एका प्रचंड समूहातले हिरवे जनुक संशोधकांनी सतत चालू राहील अशा रीतीने बसवले आणि ५१ घटकांचे वलय असलेली स्टॅम्बोमायसिन नावाची, तोवर अज्ञात असलेली संयुगे मिळवली. हे संशोधन २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. याउलट सीलिकलरमधील एका मूक (एरवी बंद राहणाऱ्या) समूहातले एससीबीआर-टू हे नियामक जनुक काढून टाकल्यावर पिवळे रंगद्रव्य वाहू लागले आणि पुढे त्यातून सीलिमायसिनची ओळख पटली. एकीकडे हिरवे जनुक वाढवायचे होते, दुसरीकडे कापायचे होते. जनुकावर टिचकी मारली की त्याचे कुल दिसते. टेट-आर कुलातील असेल तर ते बहुधा दडपणारे आहे, सार्प कुलातील असेल तर बहुधा चेतवणारे आहे, असा अंदाज अनुभवी माणूस बांधतो. हा ‘बहुधा’ सेवेनेच दोन वेगळ्या छटांनी दाखवला असता, तर नवख्यांचे कितीतरी काम सोपे झाले असते.

सातव्या आवृत्तीपासून आलेली नियामक-बंधनस्थळांची सोय ही या दिशेने टाकलेली पहिली मोठी पायरी आहे. नियामक प्रथिने डीएनएच्या ठरावीक अक्षरक्रमांवर बसतात. त्या क्रमांचे नमुने लायडनच्या संशोधकांच्या ‘लोगोमोटिफ’ या संग्रहातून घेऊन अँटीस्मॅश समूहातील मोकळ्या जागांमध्ये शोधते आणि सापडलेल्या जागेला सबळ, मध्यम किंवा दुर्बळ अशी प्रतवारी देते. याचे महत्त्व समजण्यासाठी जनुके दाबून ठेवणाऱ्या डॅस-आर या प्रथिनाची गोष्ट पुरेशी आहे. मातीत बुरशीच्या आणि कीटकांच्या कवचांतून कायटिन मिळते व त्याच्या विघटनातून एन-असिटिलग्लुकोसअमाइन ही शर्करा सुटते. पेशीत तिच्यापासून बनणारा फॉस्फेटयुक्त पदार्थ डॅस-आरला चिकटला की ते डीएनएवरून उठते. सीलिकलरमध्ये डॅस-आर ज्या ठिकाणी बसते त्यांत अ‍ॅक्ट-टू-ओआरएफ-फोरच्या आधीची जागाही आहे. परिणाम असा की, सकस माध्यमात ही शर्करा घातली तर प्रतिजैविकाचे उत्पादन दबते आणि निकस माध्यमात तीच शर्करा उत्पादन वाढवते. भरल्या घरात ती नुसती आणखी एक शिदोरी असते, दुष्काळात मात्र आजूबाजूला पेशी मरत असल्याची वर्दी ठरते. एखाद्या अनोळखी समूहापुढे असे बंधनस्थळ सापडले तर माध्यमात काय घालायचे याचा धागा हाती येतो. प्रयोगशाळेत दहा माध्यमे आंधळेपणाने करून पाहण्यापेक्षा हे निश्चितच बरे.

असे असले तरी या सोयीवर फार भार टाकू नये. नमुने मोजक्या नियामकांचे आहेत आणि ते स्ट्रेप्टोमायसिस ज्यात मोडतो त्या अ‍ॅक्टिनोमायसीट गटातील आहेत. ज्या नियामकाचा नमुनाच नाही त्याची जागा सापडणे शक्य नाही. तेव्हा ‘काही आढळले नाही’ याचा अर्थ ‘नियमन नाही’ असा कोणी लावू नये. आणि दुर्बळ प्रतीच्या जागा तर लहान अक्षरक्रमांच्या कोणत्याही शोधात योगायोगानेही सापडतात. माझ्या विद्यार्थ्यांना मी सबळ प्रतीखेरीज इतर जागा वहीत लिहू देत नाही. हा नियम थोडा जुलमी आहे, पण त्याचा पश्चात्ताप अजून झालेला नाही.

सेवेची मर्यादा सर्वांत स्वच्छ दिसते ती बॅसिलस सब्टिलिसच्या १६८ या स्ट्रेनमध्ये. हाही मातीतलाच जिवाणू. त्याचा सुमारे ४२ लाख बेस जोड्यांचा जीनोम १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला आणि जगभरच्या प्रयोगशाळांत तो घरच्या भांड्यासारखा वापरला जातो. त्याचा जीनोम चढवला की अँटीस्मॅश सर्फॅक्टिनचा समूह ठसठशीतपणे दाखवते. सर्फॅक्टिन हे सात अमिनो आम्ले आणि एक मेदाम्ल यांचे वलय असून ते पाण्याचा पृष्ठताण विलक्षण कमी करते. विकराच्या, एकेक अमिनो आम्ल जोडणाऱ्या खणांवरून सेवा त्या सातांचा क्रमसुद्धा वाचते: ग्लुटामेट, ल्युसिन, ल्युसिन, व्हॅलिन, अ‍ॅस्पार्टेट, ल्युसिन, ल्युसिन. हा क्रम अचूक आहे. पहिल्यांदा हे पाहणारा विद्यार्थी थक्क होतो, आणि मग मी त्याला सांगतो की ही स्ट्रेन सर्फॅक्टिन बनवतच नाही.

त्याचे कारण समूहाच्या बाहेर आहे. सर्फॅक्टिनच्या विकरांना कामाला लागण्यापूर्वी एक छोटा रासायनिक हात जोडावा लागतो आणि ते काम एसएफपी या जनुकाचे विकर करते. १६८ मध्ये एसएफपी जनुकाची वाचनचौकट (तीन-तीन अक्षरे वाचण्याची मांडणी) सरकलेली असल्याने ते विकर अर्धवट आणि निकामी बनते. दुसऱ्या स्ट्रेनमधील धडधाकट एसएफपी आत घातले की सर्फॅक्टिन तयार होऊ लागते. म्हणजे हजारो अक्षरांचा अवाढव्य समूह शाबूत आहे, त्याला चालू करणारी यंत्रणाही आहे, आणि तरीही पोहरा रिकामा येतो. अँटीस्मॅशच्या पानावर यातले काहीही कळत नाही, कारण ती समूह पाहते, पेशी पाहत नाही. हा तिचा दोष मानायचा की मर्यादा, यावर वाद होऊ शकेल. माझ्या मते ती मर्यादा आहे. पण निकालाच्या पानावर ती ठळकपणे लिहिलेली असायला हवी.

याच समूहात आणखी एक गंमत दडलेली आहे. सर्फॅक्टिनच्या जनुकांच्या आतच, वेगळ्या वाचनचौकटीत, कॉम-एस नावाचे इवलेसे जनुक आहे. ४६ अमिनो आम्लांचे त्याचे प्रथिन बाहेरचा डीएनए आत घेण्याची पेशीची क्षमता जागी करण्यास मदत करते. गर्दी वाढली की कॉम-एक्स हा संदेशवाहक साठतो, त्याची खबर कॉम-पी आणि कॉम-ए या प्रथिनांमार्फत या समूहापर्यंत पोचते आणि एकाच हुकमात दोन कामे सुरू होतात. जेनबँक फाइल चढवली तर कॉम-एस दिसते, कारण ते तेथे माणसांनी नोंदवलेले आहे. मी नुसता कच्चा क्रम फास्टा स्वरूपात चढवला तेव्हा मात्र ते गायब होते, कारण जनुके शोधणारा आपोआप चालणारा प्रोग्रॅम एका जनुकाच्या पोटातील दुसरे जनुक मानत नाही. तात्पर्य इतकेच की, नियमन अभ्यासायचे असेल तर शक्य तेथे नीट नोंदी केलेली फाइल वापरावी.

आमच्या स्वतःच्या जिवाणूबाबतचा अनुभव थोडा महागात पडला. दौंडकडच्या एका उसाच्या शेतातील मातीतून विद्यार्थ्यांनी एक स्ट्रेप्टोमायसिस वेगळा केला होता. वसाहत खडूसारखी पांढरी, वासाला ओल्या मातीची, आणि आजूबाजूच्या बुरशीला दूर ठेवणारी. एका खासगी कंपनीकडून त्याचे सिक्वेन्सिंग करून घेतले. ‘संपूर्ण जीनोम’ असे देयकावर लिहिले होते. हाती आले ते काही शे तुकड्यांत विखुरलेले, फक्त लहान वाचनांवर (एका वेळी वाचलेल्या डीएनएच्या छोट्या तुकड्यांवर) जुळवलेले काम. अँटीस्मॅशने त्यात इतके प्रदेश दाखवले की विद्यार्थी हर्षभरित झाले. नीट पाहिल्यावर लक्षात आले की त्यांतील बहुसंख्य प्रदेशांवर ‘तुकड्याच्या कडेला’ असा इशारा आहे. पॉलिकेटाइड बनवणाऱ्या विकरांत एकसारखे खण एकामागून एक असतात. लहान वाचने जुळवणारा प्रोग्रॅम तेथे हमखास गोंधळतो आणि एकच लांब समूह चार ठिकाणी फाटतो. ते चार तुकडे चार समूह म्हणून मोजले जातात. पुढे लांब वाचनांच्या तंत्राने तोच जीनोम पुन्हा करून घेतला तेव्हा समूहांची संख्या बरीच खाली आली आणि एका तुकड्यात एकटे पडलेले नियामक जनुक आपल्या कुटुंबात परतले. इशारा सेवेने आधीच दिला होता, हे तिच्या बाजूने नोंदवले पाहिजे. तो आम्ही वाचला नाही.

प्रदेशाच्या सीमांबद्दलही सावध राहावे. मुख्य खांबांपासून दोन्ही बाजूंना ठरावीक अंतरापर्यंतची सर्व जनुके सेवा प्रदेशात ओढून घेते, म्हणजे शेजारच्याचे अंगणही आपल्या सातबाऱ्यावर चढते. कडेचे हिरवे जनुक समूहाचेच आहे असे गृहीत धरून ते काढून टाकण्यात एका विद्यार्थिनीचे सहा महिने गेले. जवळच्या जातींमध्ये ते जनुक समूहासोबत फिरते का, हे सेवेतील ‘क्लस्टरब्लास्ट’ या इतर जीनोमांशी तुलना करणाऱ्या सोयीत पाच मिनिटांत दिसले असते.

ज्ञात समूहांशी तुलना करण्याची सोय ‘मिबिग’ या संग्रहावर आधारित आहे आणि ती उत्कृष्ट आहे, परंतु तिच्यातील टक्केवारीने फार घोळ घातला. जुन्या आवृत्त्यांमध्ये ‘अमुक प्रतिजैविकाशी इतके टक्के साम्य’ असे दिसे. त्याचा अर्थ त्या ज्ञात समूहातील इतकी टक्के जनुके आपल्याकडेही सापडली, एवढाच होता. रेणूंच्या साम्याशी त्याचा थेट संबंध नव्हता. शर्करा जोडणारी दोन-चार जनुके सारखी निघाली की कोणत्याही जिवाणूच्या नावापुढे एखाद्या प्रसिद्ध औषधाचे नाव झळके आणि ते परिषदेतल्या भित्तिपत्रकावर जाऊन बसे. आठव्या आवृत्तीत टक्क्यांऐवजी उच्च, मध्यम, कमी अशी विश्वासार्हता दाखवली जाते. हा बदल मला मनापासून आवडला.

हे लिहिताना पिंपरीची आठवण येणे स्वाभाविक आहे. १९५४ मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सच्या तेथील प्रयोगशाळेत एम. जे. थिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६०च्या दशकात हॅमायसिन आणि ऑरिओफंगिन ही बुरशीविरोधी प्रतिजैविके शोधली. हॅमायसिन देणाऱ्या जिवाणूच्या स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना या नावात गावाचे नाव आजही टिकून आहे. त्यांच्याकडे जीनोम नव्हता. मातीचे द्रावण अगारवर पसरायचे, वसाहत उचलायची आणि तिच्याभोवती बुरशी वाढते की नाही ते पाहायचे. त्या पद्धतीत पोहऱ्यात पाणी आहे हे पहिल्याच दिवशी ठरत असे आणि आड किती खोल आहे हे कधीच कळत नसे. अँटीस्मॅशने क्रम उलटा केला. आमच्या विभागात आता दोन्ही कामे समांतर चालतात, आणि ज्यांना ही सेवा पहिल्यांदा वापरायची आहे त्यांनीही अगारची बशी कपाटात ठेवू नये.

व्यवहाराच्या काही गोष्टी. सर्व्हरवरील निकाल कायमचे राहत नाहीत, म्हणून झिप फाइल त्याच दिवशी उतरवून घ्यावी. ती आपल्या संगणकावर इंटरनेटशिवायही उघडते. पेटंटचा विचार असेल तर क्रम बाहेरच्या सर्व्हरवर चढवण्याऐवजी प्रोग्रॅम स्वतःच्या यंत्रावर बसवावा. तो मुक्त परवान्याखाली मिळतो, पण त्यासाठी लिनक्सची सवय असलेले कोणीतरी हाताशी हवे. सार्वजनिक जीनोमांचे आधीच काढून ठेवलेले निकाल सेवेच्या स्वतंत्र डेटाबेसमध्ये सापडतात. वर्गात तीस विद्यार्थ्यांनी एकाच वेळी रांग अडवण्यापेक्षा ते वापरणे सौजन्याचे ठरेल. मदतीची पाने नेमकी आहेत, पण इंग्रजीत आणि काहीशी कोरडी. समूह ओळखण्याच्या कामासाठी मी या सेवेला पाचपैकी पाच गुण देईन, नियमनाच्या माहितीसाठी तीन.

उसाच्या शेतातील त्या स्ट्रेप्टोमायसिसमध्ये, दुसऱ्या वेळच्या जीनोमनुसार, एका अनोळखी पॉलिकेटाइड समूहाच्या नियामक जनुकाखाली टीटीएची खूण आहे आणि त्याच्या आधीच्या मोकळ्या जागेत डॅस-आरचे सबळ प्रतीचे बंधनस्थळ दाखवले आहे. या दोन ओळींवर विसंबून विद्यार्थ्यांनी निकस अगारमध्ये एन-असिटिलग्लुकोसअमाइन घालून बशा लावल्या. सातव्या दिवशी वसाहतींखाली फिकट तपकिरी छटा आली, जी साध्या माध्यमावर येत नव्हती. ती त्याच समूहाची आहे की आणखी कशाची, हे नियामक जनुक काढून टाकलेली स्ट्रेन तयार झाल्यावरच सांगता येईल, आणि ते काम या सत्रात सुरू झाले आहे.